दगडावर चार नावं

रविवार, ९ मार्च

पाच वाजून बारा मिनिटं. सगळं बदललं ते तेव्हा. स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ असतं, म्हणून नक्की सांगता येतं.

पाच अकराला मी सुखी माणूस होतो. गेममधली लोहारीण मरायला टेकली होती. दोन टक्के जीव उरला होता तिच्यात. सात रविवार आम्ही पाच जण तिच्या गुहेत जाऊन मरत होतो, आणि आज ती मरणार होती! मास्तर माईकवर ओरडत होते, "धरा, धरा, सोडू नका!" जुळे एकमेकांच्या नावाने शंख करत होते. मी खांबाला वळसा घालून जरा पुढे सरकलो होतो. शेवटचा घाव ज्याचा, त्याचं नाव दगडावर सगळ्यात वर येतं. लोहारणीचा घण माझ्यावर पडत होता, माझी लाल पट्टी झरझर उतरत होती. काळजी नव्हती. मलम लावायला मुंगी होती ना!

पाच बारा. तिच्या मलमाचा हिरवा उजेड आला. माझ्यावर नाही. धाकट्या जुळ्यावर!

मी पडलो. चार सेकंदांनी लोहारीण पडली.

मग आरडाओरडा, टाळ्या, मास्तरांची शिट्टी. गुहेच्या तोंडाशी मोठा दगड आहे, त्यावर नावं कोरली गेली. जिवंत राहतील त्यांचीच कोरतात. मोठा जुळा. मास्तर. धाकटा जुळा. मुंगी.

चार नावं. मी आडवा पडून वाचली.

सोमवार, १० मार्च

लाँड्रीत दिवसभर चादरी. हॉटेलांच्या पांढऱ्या चादरी, गरम रोलरमधून बाहेर येतात त्या दोघांनी चार कोपऱ्यांना धरायच्या, ताणायच्या, घडी घालायची. समोर घडीवाल्या काकू. बावीस वर्षं घड्याच घालतायत. मी आज प्रत्येक चादर अशी हिसडत होतो की त्यांच्या हातातून दोनदा सुटली.

"अरे, धर रे बाबा, ओढू नकोस. धरणारा वेगळा, ओढणारा वेगळा."

म्हटलं, काकू, मी दीड वर्ष धरण्याचंच काम करतोय.

"मग आज काय भूत बसलंय मानगुटीवर?"

सांगणार काय? की काकू, एका मुलीने काल मला मरू दिलं?

मंगळवार, ११ मार्च

मास्तरांनी लढाईची नोंद पाठवली. गेम सगळं टिपून ठेवतो. कोणी कोणावर कधी काय टाकलं, सेकंदासेकंदाचा हिशोब. खाली लिहिलंय, "एकटा असशील तेव्हा वाच. शांत होशील."

मास्तर म्हणजे खरेखुरे मास्तर आहेत, सातवीला गणित शिकवतात. सगळं पायरी-पायरीने सिद्ध करून दाखवायची सवय. मला नाही बघायचं! माझ्या डोळ्यांनी बघितलं तेवढं पुरे. फाईल तशीच पडून राहू दे.

बुधवार, १२ मार्च

झोप लागत नाही म्हणून नव्हे, पण एकदा सगळं नीट लिहून काढतो. नाहीतर डोक्यात नुसता गुंता.

मुंगीचं खरं नाव तिने सांगितलंय. इथे लिहिणार नाही. वही ताईच्या हाती लागते.

कॉलेज सोडलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात गेम सुरू केला. पात्र निवडायचं होतं. ढाल घेतली, नाव ठेवलं भिंत. ढालवाल्याचं काम एकच: राक्षसाचा सगळा राग स्वतःवर ओढून घ्यायचा आणि उभं राहायचं. म्हटलं, हे आपल्याला जमेल. आजवर दुसरं केलंय काय!

पहिल्याच लेव्हलला, दलदलीत, एक एवढीशी हीलर, म्हणजे मलमवाली मुंगी, तीन बेडकांच्या तावडीत सापडली होती. बेडकांच्या! मी मधे जाऊन उभा राहिलो. बेडूक माझ्याकडे वळले. तिने मला बरं केलं, मी मार खाल्ला, तिने परत बरं केलं. मारायला दोघांनाही येत नव्हतं. तीन बेडूक मारायला आम्हाला सतरा मिनिटं लागली. मग तिने लिहिलं, "असं किती दिवस चालणार आपलं?"

मी लिहिलं, "साठाव्या लेव्हलपर्यंत."

गंमत म्हणून लिहिलं होतं. पण ते तसंच झालं. हीलर एकटी काही मारू शकत नाही, ढालवाला एकटा मरत नाही पण त्याच्याकडून कोणी मरतही नाही. शहाणी माणसं अशी पात्रं एकट्याने वाढवत नाहीत. आम्ही ठरवलं की दोघं असल्याशिवाय कोणीच खेळायचं नाही. तिची कामाची पाळी असली की मी भिंतीला हात लावत नसे. माझा ओव्हरटाइम असला की ती मुंगीला. लेव्हल एकदमच चढायची. एकविसावी एकदम. चाळिसावी एकदम. साठावी चढलो तेव्हा ती माईकवर पहिल्यांदा हसली. तोवर नुसतं टाईप करायची. तिचा आवाज ऐकला आणि कामातून गेलो.

साठनंतर लेव्हल नाहीतच. आठ महिने चढायचं आणि वर जाऊन कळतं की आता माणूस वाढत नाही, फक्त कपडे वाढतात. चिलखत, बूट, अंगठ्या. ते एकट्या-दुकट्याला मिळत नाहीत, त्याला पाच जणांची टोळी लागते. म्हणून मास्तर आणि जुळे. जुळे खरंच जुळे आहेत, एकाच घरात दोन खोल्यांत बसून खेळतात आणि माईकवर भांडतात.

मुंगी रुग्णवाहिकेच्या फोनवर काम करते. दुसऱ्या शहरात, बसने चार तास. फोन आला की पत्ता घ्यायचा, गाडी पाठवायची. गाड्या सहा. फोन किती, ते विचारू नका म्हणते.

तिला मी कॉलेजचंही सांगितलंय. घरी कुणाला सांगितलं नाही ते. तिसऱ्या सेमिस्टरला प्रयोगशाळेत मोटार फिरेना. मी म्हटलं मोटार खराब आहे. सर म्हणाले जोडणी बघ. मी म्हटलं जोडणी बरोबर आहे, मोटारच खराब! आवाज चढवून म्हटलं. सर आले, माझ्या हातातला जोडणीचा नकाशा घेतला, सुलटा केला आणि परत हातात दिला. उलटा धरला होता मी. साठ पोरं हसली. मी नकाशा फाडला, स्टूल लाथाडलं, बाहेर पडलो. परत गेलो नाही.

मुंगीला म्हटलं, चूक होती, मान्य. पण सगळ्यांसमोर?

ती म्हणाली, "बरं. लक्षात ठेवते."

आणि २७ तारखेला तिचं इथल्या हॉस्पिटलात दिवसभराचं प्रशिक्षण आहे. संध्याकाळी बसस्थानकाच्या मागच्या गेटशी भेटायचं ठरलंय. ठरलं होतं. पहिल्यांदाच भेटणार होतो! मी शर्टसुद्धा ठरवला होता.

गुरुवार, १३ मार्च

ताईने पकडलं. "काय रे, चेहरा का असा? कोण मेलं?"

"मीच."

ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, दिवसभर लोकांचे रडके चेहरे बघते, त्यामुळे तिला दया अशी येतच नाही. तरी सांगितलं. गेमचं सांगितलं, भेटीचं नाही. एक मार खातो, एक मलम लावते, तिघं मारतात.

"म्हणजे आपलंच घर की! बाबा मार खातात, आई मलम लावते."

"आणि मी?"

"तू राक्षस. तुझ्यावर पाच जण लागतात."

हसलो नाही. मग म्हणाली, "त्या मुलीला विचारलंस का, का केलंस म्हणून?"

रविवारी विचारणार आहे.

रविवार, १६ मार्च

विचारलं.

चार वाजता पाचही जण जमलो. आज आंधळ्या राजाचा दरवाजा उघडायचा होता. मास्तर कोणी कुठे उभं राहायचं ते समजावत होते. मी मधेच म्हटलं, "आधी एक हिशोब बाकी आहे. मुंगी, मागच्या रविवारी पाच बाराला काय झालं?"

धाकटा जुळा म्हणाला, "अरे, पण तो खांब..."

"धाकट्या, गप्प," मुंगी म्हणाली.

कसं हक्काने गप्प केलं त्याला! आणि तोही झाला गप्प!

मग म्हणाली, "हो. मी निवडलं. एकालाच पुरेल एवढं उरलं होतं."

"आणि मी पडलो तर चालणार होतं?"

"लोहारीण मरत आली होती. शेवटी भिंत पडली तरी चालतं रे. खेळ आहे."

खेळ आहे! दीड वर्ष! सतरा मिनिटं बेडूक!

मग मी जे बोललो ते लिहितो. लिहिलंच पाहिजे. मी म्हटलं, "बरोबर आहे. तुझं कामच ते. दिवसभर फोनवर हेच करतेस, कोणाला जगवायचं, कोणाला नाही. तिकडचे लोकही असेच मरत असतील, तू निवडत बसतेस तोवर."

हेडफोनात कोणाच्या तरी घरातला पंखा ऐकू येत होता.

मास्तर म्हणाले, "भिंत. पुरे."

मुंगी म्हणाली, "मला ड्युटीवर जायचंय." ड्युटी नव्हती. रविवारी तिला सुट्टी असते.

मी टोळी सोडली. एक बटण आहे त्यासाठी. 'खात्री आहे का?' असं विचारतं. आहे!

मंगळवार, १८ मार्च

पहिल्यांदा एकटा खेळलो. करार मोडला म्हणायचा. कोणाशी होता आता करार?

डोंगरावर एक साधा लांडगा मारायला सहा मिनिटं. तो मला चावतो, मला काही होत नाही. मी त्याला ढाल मारतो, त्याला काही होत नाही. शेवटी दोघंही कंटाळलो. खरंच सांगतो, लांडगा निघून गेला.

बुधवार, १९ मार्च

ती हजर होती. नावापुढचा हिरवा ठिपका वीस मिनिटं बघत बसलो. काही लिहिलं नाही. तिनेही नाही. मग ठिपका गेला.

गुरुवार, २० मार्च

केलं.

गावात एक म्हातारी बसते. तिच्याकडे गेलं की आजवर कमावलेले सगळे गुण ती परत करते. साठ लेव्हलचे साठ गुण. मग ते नव्याने वाटायचे. महिन्यातून एकदाच करता येतं. माझे सगळे ढालीत होते. जाड कातडी, घट्ट पाय, राग ओढणं... एकेक लेव्हल, एकेक गुण. कुठला कुठे मिळाला, सगळं पाठ होतं. चौतिसावा मिळाला तेव्हा मुंगीला सर्दी झाली होती. पंचेचाळिसावा, तेव्हा इकडे वीज गेली होती आणि ती अर्धा तास थांबून राहिली होती.

साठच्या साठ तलवारीत टाकले.

आता मला कोणाच्या मलमाची गरज नाही. मार खाण्याआधीच मारीन. चिलखत तेच आहे, बाहेरून बघणाऱ्याला भिंतच दिसते. आत काही नाही.

लांडगा आज एका घावात मेला. काही वाटलं नाही.

शनिवार, २२ मार्च

मास्तरांचा फोन. खराखुरा फोन! मागे क्लासच्या पोरांचा गोंगाट.

"नवा ढालवाला आणला होता. दोन दिवसांत पळाला. उद्या आंधळ्या राजाची वेळ आपल्याला मिळालीय, परत दोन महिने मिळणार नाही. येतोस?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मुंगीचं म्हणणं आहे तुलाच बोलवा."

"ती असं म्हणाली?"

"मी गणिताचा मास्तर आहे. पदरचं घालत नाही. आणि ती नोंद वाचलीस का?"

"वाचली," म्हटलं. खोटं.

"मग बरं," म्हणाले. आवाज एकदम मऊ झाला त्यांचा. "मग काही बोलायला नको."

तलवारीचं सांगायला हवं होतं. ओठांवर आलंही होतं. पण सांगितलं असतं तर बोलावलं नसतं. आणि मला तिला दाखवायचं होतं. राजाला मीच मारतो, शेवटचा घाव माझा, दगडावर सगळ्यात वर माझं नाव, त्याच्याखाली तिचं. तिच्या मलमाशिवाय. मग काय बोलेल?

रविवार, २३ मार्च

आंधळा राजा बघत नाही. तो आवाजावर येतो. ज्याचा त्याला सगळ्यात जास्त राग येतो, त्याच्याकडे वळतो. त्याचा राग धरून ठेवणं हे भिंतीचं काम. आणि मी भिंत नव्हतो.

पहिला घाव माझा बसला. झकास बसला! मोठा जुळा म्हणाला, "भिंतीला आज काय पाजलंय?" मग राजाचा हात फिरला आणि माझी लाल पट्टी एका फटक्यात अर्धी उतरली. एरवी उतरते नखाएवढी.

हिरवा उजेड. माझ्यावर.

दुसरा फटका. हिरवा उजेड. तिसरा. हिरवा उजेड. ती फक्त मला भरत होती. पुरा वेळ फक्त मलाच. राजा वळला, त्याने धाकट्याला घेतलं. तिच्याकडे त्याच्यासाठी काही उरलं नव्हतं. मोठा ओरडला, "मुंगे, इकडे!" त्याच्यासाठीही नाही. मग मास्तर. मी तलवार चालवतोय, चालवतोय, आणि एकेक जण पडतोय, आणि मी ठणठणीत. मला हवं होतं ते अगदी तसंच चाललं होतं. सगळ्यांना सोडून मला एकट्याला.

शेवटी तीही पडली. तिच्यानंतर मी. दोन फटके.

अकरा मिनिटांत संपलं. दोन महिन्यांतून एकदा मिळणारी वेळ.

मास्तरांनी माझे गुण उघडून बघितले असावेत. कोणाचेही बघता येतात, आजवर गरजच पडली नव्हती. म्हणाले, "तलवार घेतलीस ते तुझं तू बघ. पण सांगितलं नाहीस." एवढंच. मुलांना वही परत देतात तसे.

जुळे निघून गेले. भांडलेसुद्धा नाहीत.

मुंगी राहिली होती. मी म्हटलं, "का भरत बसलीस मला? सोडायचं होतंस."

"तुला वाटलं असतं, परत दुसऱ्याला निवडलं."

मग म्हणाली, "चौघं मेले रे तुझ्यापायी. चांगलं वाटलं का?"

माईक बंद झाला.

सोमवार, २४ मार्च

कामावर हात चालेना. काकूंनी माझ्याकडचे कोपरेही धरले, एकटीने घडी घातली. एकट्याने चादरीची घडी घालताना ती जमिनीला लागते. लागलीच. ती पुन्हा धुवायला टाकली.

दुपारी मुंगीचा निरोप आला, "गुरुवारचं मी रद्द केलेलं नाही. पाचपासून मागच्या गेटशी असेन. परतीची बस सव्वासातला. यायचं तर ये. भांडायचं असेल तर येऊ नकोस."

दहा वेळा वाचला. 'यायचं तर ये' म्हणजे काय? बोलवायचं तर नीट बोलव!

बुधवार, २६ मार्च

बाबांनी आज दारावर टकटक केली. कधी करत नाहीत. सरळ येतात, नाहीतर येतच नाहीत. ते लिफ्टचे मेकॅनिक. हातांना ग्रीसचा वास असतो, जेवतानासुद्धा.

खुर्ची नव्हती म्हणून कपड्यांच्या ढिगावर बसले. कीबोर्डखाली कॉलेजचा परत प्रवेशाचा अर्ज आहे, त्याचा कोपरा बघत होते. बाबा, आता ओरडा, असं मनात म्हणत होतो.

म्हणाले, "तुझे सर भेटले होते. मागेच. नकाशाचं सांगितलं."

कान तापले माझे. एवढे महिने माहीत होतं!

"मी नवीन होतो तेव्हा एका इमारतीत लिफ्ट उलटी जोडली होती. वरचं बटण दाबलं की खाली. मालक चौथ्या मजल्यावर निघाला आणि तळघरात पोचला, कोटबिट घालून."

"मग?"

"मग काय. सगळे हसले. मीही हसलो थोडा, लाजेने. दुसऱ्या दिवशी जाऊन दोन वायरी बदलल्या." उठले. "बदलायच्या दोनच असतात रे. पण कुठल्या, ते उघडून बघावं लागतं."

बाबा सलग एवढं बोलल्याचं आठवत नाही. गेल्यावर खोलीत ग्रीसचा वास राहिला.

तरी माझं म्हणणं तेच. माझी वायर बरोबर आहे. तिनेच निवडलं. स्वतःच्या तोंडाने म्हणाली.

गुरुवार, २७ मार्च

पाच वाजले. ती उभी असेल आत्ता. ठरवलेला शर्ट इस्त्री करून खुंटीला आहे. लाँड्रीत काम करून एवढं तर जमतंच. घातला नाही.

साडेपाच. का जाऊ? काय म्हणून? जाऊन उभं राहायचं आणि ती म्हणणार, खेळ आहे रे.

सहा. आईने दोनदा विचारलं, आज बाहेर जायचं होतं ना. म्हटलं, नाही.

सहा वीस. ठरलं. जाणार नाही, पण तिला असं एक पत्र लिहितो की बसमध्ये चार तास वाचत राहील. पुराव्यासकट! मास्तरांनी पाठवलेली ती नोंद उघडतो, पाच बाराच्या ओळी तशाच्या तशा उतरवतो आणि तिच्या तोंडावर टाकतो. कोणावर हिरवा उजेड, किती सेकंदांनी. बघू दे तिचं तिलाच.

तोच दिवस, सहा पस्तीस

उतरवतो.

५:१२:०२ मुंगी, मोठं मलम, भिंत: नजरेआड.
५:१२:०३ मुंगी, मोठं मलम, भिंत: नजरेआड.
५:१२:०५ मुंगी, मोठं मलम, भिंत: नजरेआड.
५:१२:०६ मुंगी, मोठं मलम, धाकटा जुळा: लागू.
५:१२:०७ भिंत: मृत.

खांब. मी खांबाच्या मागे गेलो होतो. मधे दगड असला तर मलम पोचत नाही. हे पहिल्या लेव्हलच्या पोरालाही माहीत असतं. घाव माझा असावा म्हणून मी स्वतः तिच्या नजरेआड गेलो, आणि तिने तीनदा हाक मारली.

धाकटा तेच सांगत होता. मास्तर म्हणाले होते, एकटा असशील तेव्हा वाच. चौघांनाही माहीत होतं. मी त्या रविवारी बोलत होतो, रुग्णवाहिकेचं बोलत होतो, आणि चौघं ऐकून घेत होते. कोणीही नकाशा सुलटा करून माझ्या हातात दिला नाही. ती म्हणाली, मी निवडलं.

लक्षात ठेवते म्हणाली होती.

सहा चाळीस

बस सव्वासातला. स्थानक चाळीस मिनिटांवर. पाच मिनिटं कमी पडतात. शर्ट राहू दे. बाबा विचारतायत कुठे. सांगायला वेळ नाही. दार ओढून घेतो.